गुडघ्याचे मॉडेल: स्थापना, नय आणि वेदना

गुडघ्याचे संगणकीय मॉडेल म्हणजे एका विशिष्ट माणसाच्या गुडघ्याची आकड्यांत केलेली मांडणी. हाडांचा आकार, कूर्चेची जाडी, अस्थिबंधांचा ताण, स्नायूंची ओढ आणि चालण्याची ढब हे सारे त्यात येते. पाय वाकडा असेल आणि सांधा झिजला असेल, तर करवत कुठे लावावी, हाड किती अंश वळवावे, की सांधाच बदलावा, हे ठरवण्यापूर्वी शस्त्रक्रिया आधी या मांडणीवर करून पाहता येते. मॉडेल कसे बांधायचे हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. पडद्यावरच्या त्या आकृतीला ‘हा अमक्यांचा गुडघा’ असे कोणत्या अर्थाने म्हणायचे आणि तिने वर्तवलेल्या भविष्यावर किती भिस्त ठेवायची, हा मात्र तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. तो सोडवण्याची जुनी आणि अजूनही धारदार साधने वऱ्हाडातल्या कारंजा लाड या गावाने हस्तलिखितांच्या रूपात जपून ठेवली आहेत.

आधी गुडघा. मांडीच्या हाडाच्या खुब्यातील गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेल्या रेषेला पायाचा यांत्रिक अक्ष म्हणतात. सरळ पायात ही रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या बाजूने जाते. तशा पायातही चालताना सुमारे ६० ते ७० टक्के भार सांध्याच्या आतल्या कप्प्यावर पडतो. पाय फेंगडे असतील, म्हणजे गुडघे बाहेर झुकलेले असतील, तर अक्ष आणखी आत सरकतो आणि आतल्या कप्प्याचा वाटा वाढतो. गुडघे एकमेकांवर घासणारे असतील तर उलटे होते. शिकागोतील लीना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच संधिवात असलेल्या फेंगड्या गुडघ्यांत दीड वर्षात आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. वाकडेपणामुळे भार एकीकडे जातो, भारामुळे कूर्चा झिजते आणि झिजेमुळे पाय आणखी वाकतो. टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखतात म्हणून कारंज्याहून अकोल्याला किंवा अमरावतीला गेलेल्या माणसाचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढतात तो या अक्षासाठीच.

उपाय दोन प्रकारचे. पहिल्यात सांधा राखून नडगीचे हाड गुडघ्याखाली कापतात, पाचर उघडून किंवा काढून ते वळवतात आणि भार चांगल्या कप्प्याकडे ढकलतात. मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी १९६५ पासूनच्या लेखनातून या शस्त्रक्रियेला शिस्त दिली. अक्ष नेमका कुठून जावा याचे उत्तर म्हणून जपानी शल्यविशारद फुजिसावा यांच्या १९७९ च्या अभ्यासातून निघालेला बिंदू पुढे रूढ झाला. तो नडगीच्या माथ्याच्या रुंदीत आतून बाहेर मोजताना साधारण ६२ टक्क्यांवर येतो. दुसरा प्रकार संपूर्ण सांधारोपणाचा. लोक त्याला ‘वाटी बदलणे’ म्हणतात, जरी वाटीचे मूळ हाड बहुतेकदा जागेवरच राहते.

संगणक या दोन्हींत दोन वाटांनी आला. एका वाटेने शस्त्रक्रियेच्या टेबलाशी अक्ष मोजणारी नेव्हिगेशन यंत्रे आली. मुंबईत डॉ. अरुण मुल्लाजी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसरी वाट सिम्युलेशनची. स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पायाचे संगणकीय मॉडेल मांडले, तेच मुळी अस्थिशस्त्रक्रियांचे परिणाम आधी पडताळण्यासाठी. २००७ मध्ये ‘ओपनसिम’ ही प्रणाली सर्वांना खुली झाली. त्याला समांतर, हाड आणि कूर्चा यांचे हजारो लहान घटकांत तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढण्याची पद्धत गुडघ्याला लावली गेली. एकाच रुग्णाचे हाड दोन अंश, चार अंश, सहा अंश वळवून कूर्चेवरचा ताण कुठे सर्वांत कमी होतो, हे आता पडद्यावर पाहता येते. फुजिसावांच्या सर्वांसाठीच्या एका बिंदूऐवजी प्रत्येकाचा आपला बिंदू शोधणे, हे या कामाचे सर्वांत मोठे आश्वासन आहे.

आता कारंजे. ते बहुतेक मराठी वाचकांना श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून माहीत असते. दत्तसंप्रदायाच्या गुरुमंदिरामुळे ते तीर्थ झाले. त्याच गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत: बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची. येथील भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मपीठप्रमुखांच्या, पीठाने शतकानुशतके ग्रंथ जमवले. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचीत कारंज्याच्या भांडारांना मोठे स्थान आहे. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी येथील अपभ्रंश ग्रंथ ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून प्रकाशात आणले. हे दुसरे हिरालाल अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९३९ पासून त्यांनी ‘षट्खंडागम’ हा दिगंबरांचा प्राचीनतम सिद्धांतग्रंथ वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेसह अमरावतीहून संपादित करायला घेतला, तेव्हा कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरून उतरलेल्या ज्या प्रती त्यांनी वापरल्या त्यांपैकी एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातली होती. ‘धवला’ नवव्या शतकातली. तिच्यात एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते याचा ‘अर्धच्छेद’ नावाचा हिशेब आहे, आणि गणिताचे इतिहासकार त्यात दोन या पायाचे लॉगॅरिदम पाहतात. मात्र संगणकाचा शोध आपल्याकडेच लागला होता असा त्याचा अर्थ नाही. ‘धवले’चे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. कोणताही विषय हाती घेतला की आधी त्याचा ‘निक्षेप’ करायचा, म्हणजे तो विषय कोणत्या अर्थाने बोलला जातो आहे हे वेगळे काढायचे, ही वीरसेनांची पद्धत आहे. अप्रस्तुत बाजूला पडावे आणि प्रस्तुत स्पष्ट व्हावे, हा तिचा हेतू.

निक्षेप मुख्यतः चार. गुण असोत-नसोत, नुसते नाव दिले तर तो नामनिक्षेप. एका वस्तूच्या जागी ‘ही तीच’ म्हणून दुसरी ठेवली तर स्थापना. ती मूळ आकाराची असली तर तदाकार, जशी देवळातली मूर्ती, आणि नसली तर अतदाकार, जशी बुद्धिबळातली राजा-वजीर म्हणून मांडलेली सोंगटी. वस्तूच्या मागच्या किंवा पुढच्या अवस्थेवरून तिला आज नाव दिले तर द्रव्यनिक्षेप: राजपुत्राला राजा म्हणणे. आणि आत्ता ज्या अवस्थेत वस्तू खरोखर आहे तो भावनिक्षेप.

गुडघ्याच्या दवाखान्यात हे चारही अर्थ एकाच शब्दात मिसळलेले असतात. केसपेपरवर ‘उजवा गुडघा, ग्रेड चार’ असे लिहिलेले असते, ते नाम. सिटी स्कॅनवरून उभी केलेली त्रिमितीय आकृती ही तदाकार स्थापना, तर अक्ष, कोन आणि भाराचे आलेख ही अतदाकार. शस्त्रक्रियेनंतरचा म्हणून दाखवला जाणारा सरळ, समतोल गुडघा हा द्रव्यनिक्षेप आहे, कारण तो अजून घडलेलाच नाही. आणि खुर्चीवरून उठताना जो कळ देतो तो भाव. चर्चेतले बरेच गोंधळ एका निक्षेपाचे विधान दुसऱ्यावर ढकलण्यातून होतात. सर्जन पुढच्या अवस्थेविषयी बोलत असतो आणि रुग्ण ते आजच्या गुडघ्याविषयीचे वचन म्हणून ऐकतो. ‘धवला’ द्रव्याचा आणखी एक भेद करते: विषयाचा जाणकार असून आत्ता त्या विषयाकडे ज्याचे लक्ष नाही, तोही द्रव्यातच जमा, भावात नाही. मॉडेलवर सोपवून निर्धास्त झालेल्या तज्ज्ञाला हा भेद नेमका लागू पडतो.

नाम आणि स्थापना यांत टीकाकार जो फरक सांगतात तोही इथे उपयोगी आहे. एखाद्या माणसाचे नाव महावीर असले म्हणून त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही. मूर्तीपुढे जोडतो, कारण स्थापनेत आदर असतो आणि अनुग्रहाची अपेक्षा असते. संगणकीय मॉडेलला हा आदर आपोआप मिळतो. कागदावरच्या चार आकड्यांपेक्षा रंगीत, फिरणारी, तांबड्या डागांनी ताण दाखवणारी आकृती जास्त खरी वाटते, जरी दोहोंमागे तीच गृहीते असली तरी. मूर्तीच्या बाबतीत निदान एक शिस्त असते: प्रतिष्ठाविधीशिवाय तिला पूज्यता नाही, आणि विधी झाल्यावरही ती साक्षात अर्हंत नव्हे हे पूजकाला ठाऊक असते. मॉडेलच्या प्रतिष्ठेचा विधी म्हणजे पडताळणी, आणि तिथेच खरी अडचण आहे.

जिवंत, नैसर्गिक गुडघ्याच्या आत किती भार पडतो हे थेट मोजता येत नाही. मोजता येतो तो कृत्रिम सांध्यात, संवेदक बसवून. असे सांधे २००४ पासून थोड्या रुग्णांत बसवले गेले. त्यांच्या मोजणीतून सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट आणि जिन्यावर तिपटीहून जास्त भार येतो असे कळले. बी. जे. फ्रेग्ली आणि सहकाऱ्यांनी याच मोजण्यांवर २०१० पासून एक स्पर्धा घेतली: खरे आकडे झाकून ठेवायचे, मॉडेलकर्त्यांनी भाकीत करायचे, मग झाकण काढायचे. मॉडेलशास्त्रात इतकी प्रामाणिक चाचणी विरळा. पहिल्या प्रयत्नातली भाकिते आणि प्रत्यक्ष मोजण्या यांत ठळक अंतरे राहिली, आणि उत्तर दिसल्यावर मॉडेल दुरुस्त करता येते पण आधी सांगता येत नाही, हे लख्खपणे समोर आले. कारण गणितात दडलेले आहे. गुडघ्याभोवती स्नायू जास्त आणि समीकरणे कमी, म्हणून उत्तरे अगणित निघतात. त्यांतून एक निवडण्यासाठी शरीर काटकसरी आहे, कमीत कमी श्रमात काम भागवते, असे मॉडेल धरून चालते. दुखरा गुडघा काटकसर करत नाही. भीतीने पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळून धरतो आणि भार उलट वाढवतो. जुन्या प्रमाणशास्त्राच्या भाषेत, नैसर्गिक गुडघ्याच्या भाराबद्दलचे सारे ज्ञान अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, आणि त्या अनुमानाचा हेतू, म्हणजे आधार, बदललेल्या गुडघ्यातून घेतलेला आहे.

आता वाकडेपणाचा अर्थ. १८० अंशांचा सरळ अक्ष हा आदर्श आणि बाकी सारे दोष, असे दीर्घकाळ मानले गेले. बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी २० ते २७ वयाच्या २५० निरोगी तरुणांचे पाय मोजून २०१२ मध्ये दाखवले की ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत मूळ घडणीनेच तीन अंश किंवा अधिक फेंगडेपणा असतो. भारतीय आणि कोरियन निरोगी प्रौढांच्या पाहणीतही सुमारे एक तृतीयांशांत असाच कल आढळला. मग अशा माणसाचा झिजलेला गुडघा ‘सरळ’ करणे म्हणजे त्याला बरे करणे की त्याला कधीच नसलेला पाय देणे? मेयो क्लिनिकच्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात, अक्ष तीन अंशांच्या आत ठेवलेले कृत्रिम सांधे बाकीच्यांपेक्षा जास्त टिकले असे दिसले नाही. हा अभ्यास २०१० चा. आज सरळ अक्षाचे आणि मूळ घडण राखण्याचे असे दोन पक्ष शल्यविशारदांत उभे आहेत आणि वाद मिटलेला नाही.

आकार कसा आहे आणि सांधा किती बळकट आहे, हे दोन प्रश्न जैन कर्मसिद्धांतात मुळातच वेगळे ठेवलेले आहेत. शरीर घडवणाऱ्या नामकर्माचे प्रकार ‘षट्खंडागमा’त मोजले आहेत. त्यांत सहा ‘संस्थाने’ म्हणजे आकाराचे प्रकार आहेत, सर्व बाजूंनी प्रमाणबद्ध समचतुरस्रापासून बेढब हुंडकापर्यंत. आणि सहा ‘संहनने’ म्हणजे हाडांच्या जोडणीच्या बळाचे प्रकार आहेत. सर्वांत बळकट वज्रवृषभनाराच: हाडे, त्यांवरचे वेष्टन आणि सांधणारी खीळ, तिन्ही वज्राची. तिथून उतरत वज्रनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलक, आणि शेवटी असंप्राप्तसृपाटिका, ज्यात हाडे एकमेकांत बसलेलीच नसतात, नुसत्या शिरांनी बांधलेली असतात. हे शरीरशास्त्र नव्हे आणि तसे वाचूही नये. लक्षात घेण्याजोगी आहे ती विभागणी. मोक्षाला जाणाऱ्याचे संहनन पहिलेच असावे लागते, पण केवलज्ञान्याला सहांपैकी कोणतेही संस्थान चालते. उत्तम ध्यानाची अटही संहननाची आहे, आकाराची नाही. बांधा बेढब असणे आड येत नाही, सांधा दुबळा असणे येते. ‘वाकडा म्हणजे बिघडलेला’ हे समीकरण विसाव्या शतकाच्या अस्थिशास्त्राने एक्स-रेच्या रेषेवरून मांडले. बेलेमान्स यांचे आकडे ते सैल करतात, आणि कर्मग्रंथांनी ते कधी मांडलेच नव्हते.

याच चौकटीत वेदनेलाही स्वतंत्र जागा आहे. शरीराची घडण नामकर्माने होते, सुखदुःखाचा अनुभव मात्र वेदनीय कर्माने. दोन्हींची बंधाची आणि उदयाची गती निराळी. गुडघ्याच्या संधिवातातले सर्वांत चिवट निरीक्षण हेच आहे: एक्स-रेत सांध्यातली फट पूर्ण मिटलेली असूनही कोणी शेतात खुरपायला बसतो, तर किरकोळ झीज असलेला कोणी रात्रभर तळमळतो. सांधारोपणानंतर अक्ष अचूक असूनही साधारण पाचांतला एक रुग्ण समाधानी नसतो. कॅनडातील एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण १९ टक्के होते. भाराचे मॉडेल घडणीचे मॉडेल आहे. घडण सुधारली की वेदना जाईल, हा त्याने न बोलता घेतलेला पुढचा टप्पा आहे, आणि तो गणितातून निघत नाही.

म्हणून मॉडेलला ‘नय’ म्हणणे योग्य ठरते. वस्तूला अनंत धर्म असतात. बाकीच्यांचा निषेध न करता त्यांतल्या एकाच्या बाजूने वस्तू जाणणे हा नय. निषेध केला की तो दुर्नय. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त निरपेक्ष नयांना मिथ्या आणि परस्परसापेक्ष नयांना वस्तुभूत मानले आहे. भाराचे मॉडेल, एक्स-रेचा कोन, रुग्णाचे दुखणे आणि घरात शौचाला कसे बसावे लागते, हे चार नय आहेत. पाश्चात्त्य मॉडेलांत चौथा बहुधा नसतो. तिथल्या यशाच्या मोजपट्टीत गुडघा ११०-१२० अंश वाकला की भागते, तर मांडी घालून जेवायला किंवा उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त वाकावे लागते. बेतलेली शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी होऊनही माणूस पंगतीतून उठून खुर्चीवर जातो. यात मॉडेल चुकलेले नसते, त्याला ते विचारलेलेच नव्हते.

कर्म मानणाऱ्याने शस्त्रक्रिया करावी का, ही शंका या संदर्भात वारंवार निघते, पण ती फार खोल नाही. कर्मग्रंथांत कर्माची स्थिती आणि तीव्रता कमी-अधिक होऊ शकते आणि असाता (दुःख देणाऱ्या) वेदनीयाचे सातेत (सुख देणाऱ्यात) संक्रमणही होऊ शकते. बंध काही विशिष्ट प्रकारेच अटळ होतो. श्रावकाच्या चार दानांत औषधदान आहेच. पाचर उघडून हाड वळवण्याच्या शस्त्रक्रियेत तर सर्जन फक्त फट पाडून आधार देतो आणि फट भरून काढते ते हाड स्वतः. निमित्त (बाहेरचे सहायक कारण) आणि उपादान (ज्यात कार्य घडते ते मूळ कारण) यांचे इतके उघड उदाहरण क्वचित मिळेल.

खरा कठीण प्रश्न मुनींच्या बाबतीत उभा राहतो. दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात आणि दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. उभे राहता येणे ही त्यांच्या व्रताची अट आहे. शिवार्यांच्या ‘भगवती आराधने’त सल्लेखनेला, म्हणजे क्रमाने आहार सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताला, योग्य परिस्थिती सांगताना असाध्य रोग आणि जरा यांच्याबरोबर दृष्टी, श्रवण आणि जंघाबळ क्षीण होऊन विहार अशक्य होणे हेही गणले आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली ती दृष्टी अधू होत गेल्यामुळे. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त संकट प्रतिकाररहित असावे ही अट आहे. पण कशाला प्रतिकार नाही, हे काळाप्रमाणे बदलते. शिवार्यांच्या काळी झिजलेल्या गुडघ्याला उपाय नव्हता. आज आहे, आणि तो कितपत लागू पडेल हे मॉडेल आगाऊ सांगू पाहते.

यावरून मुनींनी शस्त्रक्रिया करून घ्यावी असे निष्पन्न होत नाही. भूल, रुग्णालयातला मुक्काम, वेळी-अवेळी घ्यावे लागणारे औषध-पाणी या प्रत्येकाचा एकभुक्त आणि विहार यांच्याशी थेट विरोध आहे. जो उपाय केल्याने ज्या व्रतासाठी उपाय हवा तेच मोडते, तो त्या व्यक्तीपुरता उपाय धरावा का, हा निर्णय शास्त्राने सल्लेखना पार पाडून देणाऱ्या निर्यापक आचार्यांवर सोपवला आहे. ते क्षपकाचे, म्हणजे सल्लेखना घेणाऱ्याचे, शरीर, मनोभाव, संघाची सोय आणि देशकाळ एकत्र पाहून ठरवतात. संगणकाच्या उत्तराला त्यांच्या विचारात जागा आहे ती शरीर या एका सदराखाली. श्रावकाची स्थिती सोपी आहे: त्याचे कोणतेच व्रत जमिनीवर बसण्यावर अवलंबून नाही, सामायिक खुर्चीवर बसूनही होते, आणि औषधोपचार त्याला कुठेही वर्ज्य सांगितलेला नाही.